साक्षीदार खरा, पण साक्ष कशाची?

२१ सप्टेंबर १९९५. गुरुवार होता. पहाटे दिल्लीतल्या एका देवळात गणपतीची मूर्ती दूध प्यायल्याची बातमी निघाली आणि दिवस मावळायच्या आत ती मुंबई-पुणेच काय, लंडनपर्यंत पोचली. तेव्हा खिशाखिशात मोबाइल नव्हते. घरातल्या फोनवरून एकानं दुसऱ्याला कळवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. देवळांसमोर रांगा लागल्या. रांगेत उभं राहून गाभाऱ्यापर्यंत पोचलेल्या माणसानं दुधाचा चमचा सोंडेला टेकवला आणि चमच्यातलं दूध खरोखरच कमी झालं.

हे शेवटचं वाक्य मी पूर्ण जबाबदारीनं लिहितो आहे. दूध कमी झालं होतं. हजारो माणसांनी ते स्वतःच्या हातातल्या चमच्यात पाहिलं. त्यात शिक्षक होते, डॉक्टर होते, बँकेत नोकरी करणारे होते. खोटं बोलून यांतल्या कुणाच्या पदरात काही पडणार नव्हतं. त्या वेळी ज्यांनी या सगळ्यांना वेड्यात काढलं, थापाडे ठरवलं, त्यांनी तर्कबुद्धीची बाजू घेतली असं मला वाटत नाही. हाती आलेला पुरावा त्यांनी न बघताच फेकून दिला.

मग झालं काय? केंद्र सरकारच्या राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान संचार परिषदेच्या शास्त्रज्ञांनी दिल्लीतल्या देवळात जाऊन दुधात रंग मिसळला आणि तोच चमचा मूर्तीला लावला. दूध चमच्याच्या कडेवरून मूर्तीवर ओढलं जात होतं आणि पातळ थर होऊन खाली उतरत होतं. द्रवाचा पृष्ठताण आणि ओल्या दगडाची ओढ यांचा तो परिणाम. पांढऱ्या संगमरवरावर पांढऱ्या दुधाचा पातळ ओघळ डोळ्यांना दिसत नाही, रंगीत दुधाचा दिसतो. म्हणजे साक्षीदार चुकला नव्हता. चमच्यातून दूध गेलं, ही त्याची साक्ष शंभर टक्के खरी होती. ते गणपतीच्या पोटात गेलं, हे मात्र कुणीच पाहिलं नव्हतं. ते पाहिलेल्या गोष्टीला मनानं जोडलेलं होतं, आणि इतक्या सहज जोडलं गेलं की पाहणाऱ्याला तो सांधा जाणवलाच नाही.

चमत्कारांबद्दलचा आपला सगळा वाद या सांध्यापाशी अडतो. एक बाजू म्हणते, एवढ्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं, ते सगळे खोटारडे का? दुसरी बाजू म्हणते, असं घडूच शकत नाही, सबब ते खोटारडे किंवा भोळे. साक्षीदाराच्या सांगण्यात दोन गोष्टी असतात, त्याला दिसलं ते आणि त्याचा त्यानं लावलेला अर्थ, हे दोन्ही बाजू विसरतात. पहिल्या गोष्टीवर त्याचा अधिकार आहे, आणि तो आपण मोकळ्या मनानं मान्य करायला हवा. दुसऱ्या गोष्टीवर त्याचा अधिकार इतर कुणाहूनही जास्त नाही, मग तो कितीही सज्जन असो.

दुसऱ्याच्या शब्दावर विसंबणं हा काही दुबळेपणा नव्हे. आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या जुन्या तत्त्वज्ञांनी, प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान (तुलना) यांच्या जोडीला शब्द हेही प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, मानलं. चार्वाकांनी फक्त प्रत्यक्ष मानलं, आणि इथे मी नैयायिकांच्या बाजूला आहे. स्वतःची जन्मतारीखसुद्धा आपल्याला दुसऱ्यानं सांगितलेली असते. प्रश्न असतो तो कुणाचा शब्द घ्यायचा हा. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनानं आप्ताचं, म्हणजे भरवशाच्या माणसाचं लक्षण सांगितलं आहे: ज्यानं ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जी जशी पाहिली तशीच सांगावी अशी ज्याची इच्छा आहे तो आप्त. आणि पुढे तो म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे.

त्या काळात हे लिहिणं मला फार मोठं वाटतं. साक्षीची किंमत साक्षीदाराच्या कुळावर, पंथावर ठरत नाही, हे मान्य केलं की आजच्या अनेक सोयीस्कर श्रद्धा आणि सोयीस्कर शंका दोन्ही अडचणीत येतात. १८ ऑगस्ट २००६ ला माहीमच्या समुद्राचं पाणी गोड झाल्याची बातमी आली. तिथल्या दर्ग्यातले सूफी संत मखदूम बाबा यांची कृपा म्हणून माणसं किनाऱ्यावर जमली, बाटल्या भरून पाणी घरी नेलं, तिथेच प्यायलीही. महापालिकेला हे पाणी पिऊ नका असं सांगत फिरावं लागलं, कारण माहीमच्या खाडीत शहराचं सांडपाणी येतं. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच देशात अनेक ठिकाणी मूर्ती पुन्हा दूध पिऊ लागल्याच्या बातम्या आल्या. एकाच आठवड्यातले हे दोन प्रसंग. माहीमच्या गर्दीला हसणारे देवळाच्या रांगेत उभे होते आणि देवळाच्या रांगेला हसणारे माहीमच्या किनाऱ्यावर. वात्स्यायनाची कसोटी लावली तर दोन्हीकडचे साक्षीदार सारखेच भरवशाचे होते. माहीमचं पाणी खरंच कमी खारट लागत होतं. ऐन पावसाळ्यात मिठी नदीतून आणि शहरातून वाहून येणारं गोडं पाणी खाडीच्या तोंडाशी पसरतं. गोड्या पाण्याला वजन कमी, त्यामुळे ते खाऱ्या पाण्याच्या वर राहतं. ओंजळीत येतं ते वरचंच पाणी. जिभेनं सांगितलं ते बरोबरच होतं.

न्यायालयात हा भेद रोज पाळला जातो. साक्षीदारानं आपण काय पाहिलं, काय ऐकलं ते सांगायचं. त्यावरून काय सिद्ध होतं ते न्यायाधीश ठरवतो. ऐकीव गोष्ट साधारणपणे पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या १३४ व्या कलमानं तर असं म्हटलं होतं की कोणतीही वस्तुस्थिती सिद्ध करायला साक्षीदारांची ठरावीक संख्या लागत नाही, आणि नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तेच तत्त्व कायम आहे. साक्षी मोजायच्या नसतात, तोलायच्या असतात. चमत्काराच्या बातमीत नेमकं उलटं होतं. तिथे आकडा सांगितला जातो, लाखो लोकांनी पाहिलं म्हणून. त्या लाखोंपैकी एकाचीही उलटतपासणी झालेली नसते. चमचा किती भरलेला होता, मूर्ती आधीच ओली होती का, खालचं तबक कुणी पाहिलं, हे कुणी विचारलेलं नसतं. एकच गोष्ट एकाच गैरसमजुतीनं लाखांनी पाहिली तर ती लाख वेगळ्या साक्षी होत नाहीत.

स्मरणाची गोष्ट आणखी अवघड. १८९० साली शिकागोच्या ‘ट्रिब्यून’ या वर्तमानपत्रात हिंदुस्थानातल्या दोरीच्या खेळाची हकिगत छापून आली. फकीर दोरी वर फेकतो, ती ताठ उभी राहते, मुलगा तिच्यावर चढतो आणि दिसेनासा होतो. चार महिन्यांनी त्याच वर्तमानपत्रानं कबूल केलं की ती हकिगत रचलेली होती. पण खुलासा फार थोड्यांनी वाचला आणि पुढची कित्येक वर्षं, हा खेळ आम्ही हिंदुस्थानात स्वतः पाहिला, असं सांगणारे गोरे अधिकारी आणि प्रवासी पुढे येत राहिले. १९३४ मध्ये लंडनच्या जादूगारांच्या मंडळानं तो उघड्या मैदानात करून दाखवणाऱ्याला बक्षीस लावलं, ते कुणालाच मिळालं नाही. रिचर्ड वाइजमन आणि पीटर लॅमॉन्ट या दोन संशोधकांनी अशा साक्षी गोळा करून १९९६ मध्ये एक निरीक्षण मांडलं: पाहणं आणि सांगणं यांत जितकी जास्त वर्षं गेली, तितका वर्णनातला खेळ जास्त अद्भुत होत गेला. ही माणसं ठरवून खोटं बोलत होती असं मानायची गरज नाही. बांबूवर तोल सांभाळणारा डोंबाऱ्याचा पोर त्यांनी कधी तरी पाहिला असेल. उरलेलं काम वर्षांनी केलं.

आणि वर्षंसुद्धा लागत नाहीत. १८८६-८७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये एस. जे. डेव्ही या हौशी जादूगारानं काही लोकांना बोलावून पाटीवर भुतांकरवी अक्षरं उमटवण्याचे प्रयोग दाखवले. सगळी हातचलाखी होती. पाहणाऱ्यांना घरी गेल्यावर जे पाहिलं ते लिहून काढायला सांगितलं होतं. त्या प्रामाणिक टिपणांतून हातचलाखी जिथे झाली नेमके तेच क्षण गळून गेले होते, पाटी बदलली तो क्षण किंवा डेव्ही मध्येच उठला तो क्षण. पाटी आपल्या नजरेआड झालीच नाही, असं लोकांनी मनापासून लिहिलं. या प्रयोगांत डेव्हीबरोबर काम करणारा रिचर्ड हॉजसन त्याआधी मद्रासजवळच्या अड्यारला येऊन गेला होता. थिऑसॉफिकल सोसायटी या गूढवादी संस्थेत महात्म्यांची, म्हणजे तिच्या गूढ गुरूंची, पत्रं अधांतरी प्रकट होतात, या दाव्याची त्यानं तिथे राहून तपासणी केली होती. खोलीच्या भिंती, कपाटाची मागची बाजू त्यानं बघितली, साक्षीदारांचे जबाब घेतले आणि १८८५ मध्ये अहवाल लिहिला. त्याचे निष्कर्ष थिऑसॉफिस्टांना कधीच मान्य झाले नाहीत. पण त्यानं कष्ट घेतले होते हे त्यांनाही नाकारता येणार नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग साक्षीवर विश्वासच कशाला ठेवायचा? स्कॉटलंडचा तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम १७४८ मध्ये जवळजवळ या टोकाला गेला. चमत्काराची साक्ष तेव्हाच मानावी, जेव्हा ती साक्ष खोटी असणं हे त्या चमत्काराहूनही जास्त अद्भुत ठरेल, अशी त्याची कसोटी. कसोटी म्हणून ती मला मान्य आहे. पण त्याच निबंधात त्यानं एका हिंदुस्थानी राजाचं उदाहरण दिलं आहे. पाणी थंडीनं दगडासारखं घट्ट होतं, हे सांगणाऱ्यावर त्या राजानं विश्वास ठेवला नाही. ह्यूम म्हणतो, राजाचा विचार योग्यच होता, कारण त्याच्या अनुभवात असं काही नव्हतं. मला इथे ह्यूम अपुरा वाटतो. राजानं लगेच विश्वास ठेवला नाही हे ठीकच. पण एखादा भरवशाचा माणूस हिमालयाकडे पाठवून खातरजमा करून घ्यावी, हे त्याला सुचायला हवं होतं. नुसतं घरी बसून नकार देणं हा विचार पुरा झाला नाही.

आकाशातून दगड पडतात, असं शेतकरी शतकानुशतकं सांगत होते. अठराव्या शतकातल्या युरोपातल्या विद्वानांनी ते हसण्यावारी नेलं. आकाशात दगडच नाहीत तर ते पडतील कुठून? जर्मनीत एर्न्स्ट क्लाडनी नावाचा माणूस होता. तो ध्वनिशास्त्रज्ञ म्हणून ओळखला जातो, पण त्याचं शिक्षण कायद्याचं होतं. त्यानं वकिलाच्या नजरेनं जुने जबाब एकापुढे एक ठेवले. एकमेकांची ओळख नसलेली, वेगवेगळ्या देशांतली, वेगवेगळ्या काळातली माणसं आगीचा गोळा, गडगडाट आणि काळ्या सालीचा दगड अशी तीच वर्णनं देत होती. हे दगड खरोखर वरून पडतात, असं त्यानं १७९४ मध्ये लिहिलं. डिसेंबर १७९८ मध्ये बनारसजवळच्या क्राखुट गावात असेच दगड पडले. ते गोळा करून इंग्लंडला पाठवले गेले. १८०२ मध्ये एडवर्ड हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञानं बनारसचे आणि युरोपात निरनिराळ्या ठिकाणी पडलेले दगड तपासले, तेव्हा त्या सगळ्यांत निकेल सापडलं. पृथ्वीवरच्या साध्या दगडांत ते तसं आढळत नाही. १८०३ च्या एप्रिलमध्ये फ्रान्समधल्या लेग्ल या गावाच्या परिसरात दिवसाढवळ्या हजारो दगड पडले. तिथे पाठवलेल्या जाँ-बातिस्त बियोनं गावोगाव फिरून सगळ्या थरांतल्या माणसांचे जबाब घेतले, दगड कुठेकुठे पडले त्याचा नकाशा केला, आणि त्यानंतर हा वाद मिटला.

बनारसचा शेतकरी खरा ठरला आणि पॅरिसचा विद्वान चुकला. संशय घेणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं असं मला वाटतं. शेतकरी खरा ठरला तो त्याच्या मोठ्या आवाजामुळे नव्हे. त्याच्या साक्षीच्या मागे हातात धरता येईल असा दगड होता, तो दगड फोडून बघायला कुणाची आडकाठी नव्हती, आणि फोडून बघणारा कुणी तरी निघाला. हे सगळं जुळून आलं म्हणून.

श्रद्धावंतांनीही तपासणीचं वावडं धरायचं कारण नाही. संतपद देण्याआधी विरोधी बाजू मांडायला कॅथलिक चर्चनं स्वतःच एक अधिकारी नेमला होता, १५८७ पासून. लोक त्याला सैतानाचा वकील म्हणत. समोर आलेल्या प्रत्येक चमत्कारावर शंका काढणं हेच त्याचं काम. १९८३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी या पदाचं वजन बरंच कमी केलं, आणि माझ्या मते ते चर्चचं नुकसान झालं. फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थक्षेत्री १८८३ पासून डॉक्टरांचं कार्यालय आहे. तिथे बरं झाल्याच्या सात हजारांहून जास्त दाव्यांपैकी चर्चनं चमत्कार म्हणून मान्य केलेले सुमारे सत्तर. या सत्तरांबद्दलही मला प्रश्न आहेत. तरी शंभरांतल्या नव्व्याण्णव भक्तांना ‘तुम्ही बरे झालात याचा आनंद आहे, पण हा चमत्कार म्हणता येणार नाही’ असं स्वतःच्याच धर्मसंस्थेनं सांगणं ही मोठी गोष्ट आहे. त्यानं त्या भक्तांचा अपमान झाला, असं कुणी म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही.

बरं होण्याच्या साक्षीतही सांधा तोच असतो. मदर तेरेसांना २००३ मध्ये धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं ते पश्चिम बंगालमधल्या एका आदिवासी बाईच्या पोटातली गाठ नाहीशी झाल्याच्या दाव्यावरून. गाठ गेली ही तिची साक्ष खरी. तिच्यावर उपचार करणारे बालुरघाटच्या सरकारी रुग्णालयातले डॉक्टर सांगत होते की गाठ क्षयाची होती आणि तिनं अनेक महिने क्षयाची औषधं घेतली होती. तिला खोटं पाडायची इथे काहीच गरज नाही. आपलं पोट दुखायचं थांबलं हे तिच्याइतकं दुसरं कुणाला ठाऊक असणार? ते कशानं थांबलं, हे मात्र तिच्या पोटालाही ठाऊक नव्हतं.

आता आपल्या घरातला प्रश्न. इंद्रायणीत बुडवलेल्या तुकोबांच्या वह्या तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, ही कथा मराठी माणूस पाळण्यात ऐकतो. महिपतीबुवांनी संतांच्या कथा लिहिल्या त्या अठराव्या शतकात, तुकोबांनंतर शंभराहून जास्त वर्षांनी, तेव्हा त्यांना ऐकीव म्हणून बाजूला ठेवता येईल. पण इथे खुद्द तुकोबांचा शब्द आहे: ‘उदकीं राखिले कागद । चुकविला जनवाद । तुका म्हणे ब्रीद । साच केलें आपुलें ॥’ वात्स्यायनाच्या लक्षणाला इतका पुरा उतरणारा साक्षीदार मराठीत दुसरा दाखवता येणार नाही. म्हणून मी तो शब्द खरा मानतो. वह्या पाण्यात गेल्या आणि त्याला परत मिळाल्या. त्या कशात बांधल्या होत्या, कोणी काढल्या, किती भिजल्या, यातलं काहीच या ओळींत नाही. कोरडेपणाचा तपशील कथेतला आहे, त्यांचा नाही. देवानं आपलं ब्रीद राखलं, हा त्यांनी लावलेला अर्थ. त्या अर्थावर त्यांनी सगळं आयुष्य उभं केलं आणि त्यापुढे मी नम्र आहे. पण तो अर्थ आहे, पाहिलेली गोष्ट नव्हे, हे म्हटल्यानं तुकोबा तसूभरही लहान होत नाहीत. ‘सत्य असत्याशी मन केलें ग्वाही । मानियेलें नाहीं बहुमता’ असं म्हणणारा माणूस आपल्या नावावर गर्दीनं माना डोलवाव्यात अशी अपेक्षा करेल, हे मला पटत नाही. गाथा लोकांच्या तोंडी होती म्हणून तरली, असा अर्थ अलीकडे लावला जातो. तो सुंदर आहे, पण तोही अर्थच. तुकोबांच्या ओळीत लोकांच्या पाठांतराचा उल्लेख नाही, आणि पुरोगामी अर्थ आहे म्हणून मी त्याला सूट देणार नाही.

हे सगळं एवढ्या तपशिलात मांडायचं कारण म्हणजे तपासायला जाणाऱ्याची आपल्याकडे झालेली अवस्था. मार्च २०१२ मध्ये मुंबईत इर्ल्याच्या वेलंकनी मातेच्या चर्चपाशी क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. लोक ते तीर्थ म्हणून घेत होते. बुद्धिवादी चळवळीतले सनल इडामरुकू तिथे गेले, भिंत बघितली, जवळचं तुंबलेलं गटार शोधलं, आणि ते पाणी केशाकर्षणानं, म्हणजे बारीक छिद्रांतून आपोआप ओढलं जाऊन, भिंतीतून वर चढून तिथे झिरपतंय असं सांगितलं. म्हणजे ठिबकणारं पाणी पाहणाऱ्या प्रत्येक भक्ताची साक्ष त्यांनी खरीच ठरवली होती, आणि ते पाणी तोंडाला लावू नये हेही कळलं. त्यांच्यावर भारतीय दंड संहितेच्या, धार्मिक भावना दुखावण्याबद्दलच्या २९५-अ कलमाखाली तक्रारी झाल्या. त्याच वर्षी ते फिनलंडला गेले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ते सतत सांगत असत की आमचा विरोध देवाला नाही, देवाच्या नावावर होणाऱ्या शोषणाला आहे. त्यानंतर त्याच वर्षी आलेला महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदाही श्रद्धेला हात लावत नाही; तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणं, फसवणं, दहशत बसवणं याला तो गुन्हा ठरवतो.

संशय घेणाऱ्यांकडून माझी एक मागणी आहे. आधी साक्षीदाराला भेटा. तुम्ही कुठे उभे होतात, काय दिसलं, किती वेळ दिसलं, हे विचारा आणि त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. चॅनेलच्या चर्चेत त्याला अडाणी म्हणून मोकळं होऊ नका. आणि सरकारकडून एक. २९५-अ कलमाला, आणि आता भारतीय न्याय संहितेत त्याच्या जागी आलेल्या २९९ व्या कलमाला, भावना दुखावल्या एवढं पुरत नाही. कृत्य जाणूनबुजून आणि द्वेषबुद्धीनं केलेलं असावं लागतं. भिंतीची ओल हातानं चाचपून बघणं, पाण्याचा नमुना बाटलीत घेणं, दुधात रंग मिसळणं यात तो द्वेष कुठून येतो, हे तक्रार नोंदवून घेणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यानं ठाण्यातच विचारायला हवं, संशयिताला परदेशी जावं लागण्याच्या आधी.